हिरव्या स्वेटरचा उलटा पीळ

मुंबईत थंडी पडत नाही हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, फक्त शशीताईंना कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरात चार दिवस पंखा दोनवर आला की आम्ही नायगावकर कौतुकानं कान झाकून फिरतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा घाम पुसायला लागतो. अशा शहरात ही बाई बारा महिने, अगदी मे महिन्यातसुद्धा, मांडीवर लोकरीचं ओझं घेऊन चाळीच्या गॅलरीत बसलेली असायची. मी लग्न होऊन गिरगावातून इथं आले तेव्हा पहिल्याच दुपारी मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, एवढं गरम इथं घालतं तरी कोण?"

त्यांनी मान वर केली नाही. हातातली ओळ संपवली, सुया फिरवल्या आणि म्हणाल्या, "ज्यांना थंडी वाजते पण सांगता येत नाय, ते. तू घाडींची सून ना? गिरगाववाली?"

सांगता येत नाही ते म्हणजे तान्ही बाळं. आणि 'गिरगाववाली' जे म्हणाल्या, ते माझं कायमचं नावच पडलं. पुढं पुढं नुसतं 'ए गिरगाव'. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. मी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी चुकून घेतलं नाही.

शशीताई म्हणजे शशिकला गायकवाड. परळला बाळंतिणींच्या इस्पितळात आया म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. दुपारी बाळंतिणींचा डोळा लागला की केरळची एक सिस्टर तिथं विणत बसायची, तिच्याकडून या शिकल्या. मूल आईच्या पोटातल्या उबेतून निघतं ते थेट पंख्याखाली येतं, त्याला मे काय आणि जानेवारी काय, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं आमच्या मजल्यावर कुणाकडे मूल झालं की पेढ्यांच्या आधी शशीताईंची टोपी आणि मोजे जाऊन पोचायचे. आमंत्रणाची वाट बघणं वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतं. सरळ आत जायच्या, बाळाच्या डोक्याला हाताची मूठ लावून बघायच्या आणि आईला दम द्यायच्या, "डोकं उघडं ठेवू नको त्याचं."

यातली गंमत अशी की या टोप्यांना नवी लोकर चालत नसे. आमच्या कोकणातल्या घरांतून तान्ह्या बाळाला आधी नवं कापड घालत नाहीत. कुणाचं तरी धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं झबलं मागून आणतात. शशीताई बौद्ध घरातल्या. पाचवी, सटवाई, दृष्ट यातलं काहीही त्यांचा उंबरा ओलांडून आत येत नसे. बुद्धाच्या मूर्तीखाली स्वतः क्रोशानं विणलेला एक पांढराशुभ्र रुमाल, एवढीच त्यांच्या घरातली आरास. पण ही एक रीत त्यांना मनापासून पटलेली होती.

"त्यात देवाबिवाचं काय नाय," त्या सांगायच्या. "जुनी लोकर टोचत नाय, बस्स. तुमच्या आज्यांना अक्कल होती, फक्त ती देवाच्या नावावर खपवायची सवय होती."

माझ्या सासूबाई हे ऐकून फणकारल्या होत्या. पण नातू झाला तेव्हा टोपी त्यांनी शशीताईंकडूनच घेतली, आणि वर मोज्यांचीही आठवण करून दिली.

तर सगळं जुन्या लोकरीवर. चाळीत कुणाचा स्वेटर कोपरात विरला, कुणाच्या मफलरीला भोक पडलं की ते शशीताईंकडे यायचं. पोलिसांच्या क्वार्टर्समधून जुन्या जर्स्या यायच्या. त्या सगळ्याची शिवण उसवायची, धागा ओढत ओढत पाटाच्या पायांभोवती गुंडाळून लडी करायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची आणि गॅलरीच्या दांडीवर टांगून खाली वजनाला वरवंटा बांधायचा, म्हणजे धाग्यातला कुरळेपणा निघतो. आमच्या मजल्यावर येणारे पाहुणे लोंबकळणारा वरवंटा बघून दचकायचे. मग सुकलेल्या लडीचा गुंडा व्हायचा आणि गुंड्याची टोपी.

चार वाजले की जिन्याजवळच्या कोपऱ्यात त्यांचा क्लास भरायचा. फी नाही, पाटी नाही. हवालदारांच्या बायका, कॉलेजच्या मुली, माझ्यासारख्या उगाच आलेल्या. गुंडा धुळीत लोळू नये म्हणून तो दुधाच्या किटलीत ठेवायचा, ही पहिली शिस्त. चांगल्या सुया पहिल्या दिवशी मिळत नसत, मोडक्या छत्रीच्या काड्या घासून केलेल्या मिळायच्या. त्या काड्यांवरही लगेच विणायचं नाही. नवीन बाईनं आधी फक्त उसवायचं. घरातलं जुनं काहीतरी आणायचं आणि शेवटच्या टाक्यापर्यंत उसवून त्याचा गुंडा करून दाखवायचा. विणलेलं आतून कसं असतं ते उसवताना कळतं, असं त्या म्हणायच्या. मला त्या वेळी फक्त नाकात लोकर गेलेली कळली.

त्यांचं बोलणंही विणकामाच्या हिशेबानं चालायचं. सरळ बाजूच्या ओळीत नक्षी असते, तिथं लक्ष लागतं, म्हणून त्या ओळीत त्या एक अक्षर बोलत नसत. उलट बाजूची ओळ परतीची, साधी, त्या ओळीत तोंड मोकळं. त्यामुळं त्यांच्याकडून कुठलीही हकीकत हप्त्याहप्त्यानं मिळायची. "मग ती सिस्टर डॉक्टरला काय म्हणाली माहितेय..." इथं ओळ संपली. सुया फिरल्या. आता आम्ही सगळ्याजणी तोंडं उघडी टाकून सगळी ओळ बघत बसायचं. कुणी मधे "काय म्हणाली?" विचारलं तर डोळे वटारून गप्प करायच्या. पुन्हा सुया फिरल्या की, "...म्हणाली, बाळ तुमचं नाय, हात धुऊन या." तोवर हसायचं कशाला तेच विसरलेलं असायचं.

आणि त्यांचा तो शब्द, 'उसव'. आपण मोठ्या उत्साहानं वीतभर विणून त्यांच्यापुढं धरावं. त्यांनी ते उलटं करून बघावं, मग सरळ करावं, चष्म्याच्या वरून आपल्याकडं बघावं आणि शांतपणे म्हणावं, "उसव." रागावणं नाही, समजावणं नाही. चूक कुठं आहे तीसुद्धा आपणच शोधायची. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर म्हणायच्या, "रडतेस काय? कोण मेलंय? उसवलेलं परत विणता येतं. स्वयंपाक बिघडला तर फेकावा लागतो, इथं तसं नाय." माझी एक मफलर त्यांनी इतक्यांदा उसवायला लावली की शेवटी लोकरीचाच दम निघाला. ती मफलर अजून अर्धीच आहे. मी चिडून एकदा म्हटलंसुद्धा, "ताई, तुम्ही माणसांनाही उसवाल एक दिवस." तर सगळी ओळ गप्प राहून म्हणाल्या, "त्याला रिठे पुरायचे नाहीत."

त्यांच्या त्या शब्दाला उलट उत्तर दिलेली एकच मुलगी मला माहीत आहे. तिचं नाव अर्चना, आमच्या शेजारच्या राणेकाकूंची लेक.

राणेकाकू शिवडीला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होत्या. बाहेर घामाच्या धारा आणि आत दिवसभर बर्फाची हवा. हाताला कोळंबी, पायांखाली पाणी. कंपनीनं दिलेलं जाकीट कुबट आणि फाटकं. मुंबईत खरोखरीच थंडी वाजणारी आमच्यातली तेवढी एकच बाई. अर्चना तेव्हा नुकती नोकरीला लागली होती. पहिल्या पगारात आईला स्वेटर विणून द्यायचा, असं तिनं ठरवलं. विकतचा नाही, स्वतःच्या हातचा.

लोकर आणायला शशीताई तिला दादरला घेऊन गेल्या, आणि पिशवी धरायला म्हणून मला. दुकानदारानं बाटलीच्या काचेसारखी गडद हिरवी लोकर काढली. "प्युअर आहे ताई, एकदम प्युअर." शशीताईंनी दोन बोटांत धागा चोळला आणि पर्समधून काडेपेटी काढली. दुकानदार ओरडेपर्यंत धाग्याच्या टोकाला काडी लागली होती.

"ओ बाई! आग लावता का दुकानाला?"

"वितळला. प्लास्टिक आहे. खरी लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. आता तुमची प्युअर बघून झाली, प्युअरमधली प्युअर काढा."

त्यानं मुकाट्यानं आतल्या फळीवरून दुसरी हिरवी काढली. तीही जाळली. या वेळी सगळ्या दुकानभर केस जळल्याचा वास सुटला, गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून बाहेर गेली आणि शशीताई खूश होऊन म्हणाल्या, "ही घे गं." परतीच्या वाटेवर अर्चना हसून हसून फुटपाथवरच बसली होती. तिचं हसणं तसंच होतं, एकदा सुरू झालं की आवरायचं नाही.

स्वेटरच्या पुढच्या बाजूला तिनं वेणीची वीण घेतली होती. यात काही टाके एका तिसऱ्या छोट्या सुईवर पुढं काढून ठेवायचे, त्यांच्यामागचे आधी विणायचे, मग पुढचे. असं ठरावीक ओळींनंतर करत गेलं की मधोमध घातलेल्या वेणीसारखा पीळ वर चढत जातो. अर्चनानं एका जागी टाके पुढं काढण्याऐवजी मागं धरले. तेवढा एकच पीळ उलट्या दिशेला वळला, तोही अगदी खाली, पोटाशी. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ती गळ्यापर्यंत पोचल्यावर शशीताईंनी बघितलं.

"उसव."

"कुठपर्यंत?"

"पोटापर्यंत."

अर्चनानं स्वेटर छातीशी धरला. "नाही उसवणार."

गॅलरीत सगळ्यांच्या सुया थांबल्या. शशीताईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा म्हटलं, "अगं, उलटा पीळ आहे. लांबून दिसतो."

"दिसू दे. आईला थंडी आज वाजतेय ताई. तुमची वेणी सरळ होईपर्यंत तिनं काय कुडकुडत बसायचं?"

शशीताई उठल्या आणि घरात गेल्या. त्या दिवशी क्लास तिथंच मोडला. पुढं बरेच दिवस दोघींचं बोलणं बंद. अर्चना स्वतःच्या दारात बसून बाह्या विणायची आणि शशीताई कोपऱ्यात बसून तिकडं न बघण्याचा प्रयत्न करायच्या. एका संध्याकाळी स्वेटर शिवून झाला, तशा त्या तरातरा तिच्या दारात गेल्या. आता काय होतंय म्हणून आम्ही माना लांब केल्या. त्यांनी स्वेटर उलटा करून बघितला. लोंबणारे धागे तसेच होते.

"मग टोकं तरी नीट आत घाल," त्या म्हणाल्या. "नायतर सगळाच सुटेल." आणि तिथंच बसून तिला टोकं कशी लपवायची ते दाखवलं. हा त्यांचा तह.

राणेकाकूंनी तो स्वेटर निवृत्त होईपर्यंत घातला. तोवर घालायला सांगणारी मात्र राहिली नव्हती. लग्नाची बोलणी चाललेली असताना अर्चना काविळीनं गेली. अगदी पटकन गेली. त्या दिवशी शशीताई चार वाजता नेहमीच्या जागेवर येऊन बसल्या, पण सुया अंबाड्यात खोचलेल्या त्या तशाच राहिल्या. अंधार पडेपर्यंत त्या रिकाम्या हातांनी बसल्या होत्या.

याला बरीच वर्षं झाली. मग चाळ पाडून टॉवर व्हायचं ठरलं आणि आमच्या बिल्डिंगची खोल्या रिकाम्या करायची पाळी आली. घराघरांतून ट्रंका बाहेर निघाल्या, पलंगाखालून पिंपं निघाली, आणि शशीताईंकडे जुन्या लोकरीची नुसती रीघ लागली. त्याच सुमारास राणेकाकूंची सून स्नेहल क्लासला येऊ लागली. लग्न नवं, घर नवं, मुलगी शिकण्याची हौशी. राणेकाकू शिमग्याला गावी गेल्या होत्या आणि आवराआवरीचं सगळं स्नेहलवर पडलं होतं. शशीताईंनी तिलाही तोच पहिला धडा दिला. "घरात जुनं लोकरीचं असेल ते उसवून आण."

तीनचार दिवसांनी स्नेहल आली ती ऐटीत. पिशवीतून एकेक गुंडा काढून पाटावर मांडला. गडद हिरवे, रिठ्यानं धुतलेले, वरवंट्यानं सरळ केलेले, अगदी गोल गुंडे. "एकही धागा तोडला नाही ताई," ती म्हणाली. "ट्रंकेत शालीत गुंडाळलेला स्वेटर होता, कोपरं पार विरलेली. ह्यांना फोन करून विचारलं, तर धड ऐकूनही न घेता म्हणाले, काय ते दे टाकून."

मला एकदम काही कळलं नाही. शशीताईंनी एक गुंडा उचलला आणि दोन बोटांत धागा चोळला. काडी लावायची गरजच नव्हती.

"पुढं वेणी होती का गं?"

"हो. छान होती."

मग कुणीतरी तिला अर्चनाची हकीकत सांगितली. पोरीनं पाटावरचे गुंडे दोन्ही हातांनी जवळ ओढले. सासू आठपंधरा दिवसांत येणार, आणि आल्या आल्या पहिली ट्रंक उघडणार. मेलेल्या मुलीच्या हातची घरात राहिलेली ती एकच वस्तू, ती सुनेनं आपल्या हातानं उसवून तिचे गुंडे केलेले. त्यानंतर त्या घरात तिनं तोंड कसं दाखवायचं? ती नुसती "मला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं" म्हणत होती. आमच्यातल्या एकीनं सुचवलं, ट्रंकच हरवली म्हणावं, सामान हलवताना काय वाटेल ते होतं. दुसरी म्हणाली, ताईंनी हुबेहूब तसा विणून शालीत ठेवून द्यावा, म्हातारीचे डोळे अधू झालेत, तिला काय कळतंय.

शशीताईंनी कुणाकडं बघितलं नाही. अंबाड्यातल्या सुया काढल्या, बघितल्या, परत खोचल्या. घरात जाऊन नेहमीपेक्षा एक नंबर जाड सुया घेऊन आल्या. "तिचा हात सैल होता," एवढंच म्हणाल्या आणि टाके घालायला लागल्या. पहिली ओळ पूर्ण झाली. सुया फिरल्या, आणि मग परतीच्या ओळीत एकेक शब्द आला.

"लपवायचं नाय काय. मी उसवायला सांगितलं, मी सांगणार. पण कोणाच्या दारात नुसते गुंडे घेऊन जायचं नसतं. आधी विणते, मग सांगते. आणि तू रडू नको गं, डोळे पूस आणि गुंडा धर."

एक बाही आम्ही करतो, असं आम्ही म्हणून बघितलं. साफ नाही म्हणाल्या. सगळ्यांचे हात वेगळे, कुणाचा घट्ट, कुणाचा ढिला, स्वेटरला लगेच कळतं. बाकी घरांतून खोकी भरली जात होती, पंखे उतरवले जात होते, जिन्यावरून कपाटं धडपडत खाली चालली होती, आणि शशीताई त्या गोंधळात कोपऱ्यात बसून विणत होत्या. त्यांचं स्वतःचं सामान मी आणि स्नेहलनं बांधलं. जेवायला हाका माराव्या लागायच्या. मागची बाजू झाली, पुढची सुरू झाली. वेणी चढू लागली.

पोटाशी आल्यावर त्या थांबल्या. "इथं होता," म्हणाल्या. तिसरी सुई घेतली, टाके काढले, विणले, आणि जे झालं ते बघून स्वतःच्याच हातावर चापट मारली. पीळ सरळ आला होता. इतक्या वर्षांचा हात, तो चुकायला तयारच होईना. त्यांनी तेवढं परत काढलं. पुन्हा टाके सुईवर घेतले, आणि पुन्हा सरळ. "मेला हात," त्या पुटपुटल्या, "बरोबरच करतोय!"

आम्हाला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शशीताईंना रडताना आम्ही कधी बघितलं नव्हतं. चष्मा काढून पदरानं डोळे पुसले, स्नेहलला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "तू माझ्या हाताकडं बघ. मी टाके पुढं घ्यायला लागले की ओरड." तेव्हा कुठं तिसऱ्या खेपेला, सुनेच्या "मागे ताई, मागे!" या आरोळीवर, तो पीळ उलटा पडला. त्या जागेवर त्यांनी बोट फिरवलं. नक्षीच्या ओळीत होत्या तरी बोलल्या. "आयुष्यात पहिल्यांदा बरोबर आलेलं उसवलं मी. ती बघत असेल तर हसून हसून पडली असेल." त्यांचं जगावरचं मत एरवी असलं काही म्हणू देत नसे, पण त्या दिवशी म्हणाल्या.

राणेकाकू गावाहून आल्या त्या काजूच्या बोंडांचा वास घेऊन. अजून चहासुद्धा झाला नव्हता, तोवर शशीताई त्यांच्या दारात. मागं स्नेहल, तिच्या मागं मी. शशीताईंनी स्वेटर शालीत गुंडाळून आणला होता. हातात सुया नसल्यामुळं त्या सलग बोलल्या. असं एका दमात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"राणेवहिनी, अर्चनाचा स्वेटर उसवला गेला. पोरीला माहीत नव्हतं. उसवून आण म्हणून मी सांगितलं, नीट विचारलं नाय. त्याच लोकरीचा परत विणलाय. हा तो नाय, ते मला कळतं. काय बोलायचं ते मला बोला, तिला नाय."

राणेकाकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "माझ्या चेडवाचो स्वेटर?"

"हो."

त्यांनी शाल सोडली. स्वेटर उचलून तोंडाशी धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरला. मग खाली घेतला. "वास गेलो गो तिचो," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की शिमग्याचे ढोल वाजवून आलेली बाई हीच का, असं वाटावं.

"गेला," शशीताई म्हणाल्या. "तो मला विणता येत नाय."

स्नेहल भिंतीला टेकली होती. राणेकाकू स्वेटर मांडीवर घेऊन बसल्या, परक्या वस्तूकडं बघावं तसं त्याच्याकडं बघत. हात आपोआप त्याच्या कडेवर गेला, आणि अंगठा वेणीवरून खाली खाली सरकत पोटाशी येऊन थांबला. तिथंच फिरत राहिला. एकदा, पुन्हा एकदा. त्यांनी मान वर केली.

"ह्यो पीळ उलटो आसा."

"आहे."

"थंय कोळंबी निवडून बोटां बधिर झाली, की ह्येच्यावर आंगठो फिरवी मी. रोज." त्या शशीताईंकडं रोखून बघत होत्या. "ह्यो तू केलंस?"

"केला."

"नाय," राणेकाकू म्हणाल्या. "तू असा कधी करूचंस नाय. ह्यो तिचोच."

आणि स्वेटर पोटाशी धरून त्या मोठ्यानं रडल्या. पण ते रडणं दार बंद करणाऱ्या माणसाचं नव्हतं. शशीताई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. बऱ्याच वेळानं राणेकाकूंनी नाक पुसलं आणि सुनेकडं बघितलं. "तू कित्याक रडतंस गो थंय उभी रवान? चाय टाक. शशीक साखर कमी."

मधली काही वर्षं इकडंतिकडं भाड्यानं काढून आता आम्ही सगळ्या टॉवरमध्ये आलोत. वरच्या मजल्यावर वारा झकास, नळाला पाणी चोवीस तास, पण गॅलरी नाही. दारं एकमेकांकडं पाठ करून उभी. पहिल्याच आठवड्यात शशीताईंनी लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत किटली आणून ठेवली आणि चार वाजता क्लास सुरू केला. सोसायटीचा कुणीसा येऊन इथं बसायची परवानगी नाही म्हणाला. त्याला त्यांनी सगळी ओळ उभं ठेवलं आणि मग विचारलं, "घरात तान्हं आहे ना तुमच्या? टोपी आहे त्याला?" पुढच्या वेळी तो आला तो बायकोला घेऊन.

मग त्यांच्या गुडघ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली आणि नागपूरच्या मुलीनं हट्टच धरला. शशीताई कुरकुरल्या नाहीत. "तिथं खरी थंडी पडते म्हणतात," त्या म्हणाल्या. "बघू तरी कशी असते." निघायच्या दिवशी आम्ही सगळ्या लिफ्टपाशी जमलो. अंबाड्यात सुया, एका हातात किटली, पायांशी बॅग. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ए गिरगाव, मफलर संपव," आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

तेवढ्यात स्नेहल धावत आली. तिच्या मागून राणेकाकू, छातीशी बाळ. बाळ महिन्याभराचं, आणि त्याच्यासाठी स्नेहलनं स्वतःच्या हातानं विणलेली पहिली टोपी. हिरवी. स्वेटरच्या गळ्याची दुमड शशीताईंनी एकेरी केली होती, त्यातून उरलेल्या लोकरीची. "ताई, बघा ना एकदा!"

शशीताईंनी लिफ्टच्या दारात पाय घातला. टोपी घेतली, उलटी केली, सरळ केली. चष्म्याच्या वरून स्नेहलकडं बघितलं.

"कानाशी टाका सुटलाय. उसव."

स्नेहलनं टोपी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि बाळाच्या डोक्यावर चढवली. "नाही उसवणार."

राणेकाकूंनी बाळाला घट्ट धरलं. आम्ही सगळ्या शशीताईंच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी बाळाकडं बघितलं, स्नेहलकडं बघितलं आणि दारातला पाय काढून घेतला. दार सरकत सरकत बंद झालं. लिफ्ट खाली निघाली, आणि दोन मजले खालून त्यांचा आवाज आला.

"मग टोकं तरी नीट आत घाल!"